वाचकांचे नेहमीचे प्रश्न (आणि हो, तिसऱ्या भागाचं उत्तर सगळ्यात आधी)

मी चिपळूणला राहते. विज्ञानकथा आणि अद्भुतकथा लिहिते, स्वतःच छापते, स्वतःच खोकी बांधून पोस्टात नेते. तेच तेच प्रश्न इतके येतात की उत्तरं एकदाच लिहून ठेवलेली बरी. क्रम महत्त्वाप्रमाणे नाही, मला जसे आठवले तसा आहे. पहिला प्रश्न मात्र पहिलाच ठेवावा लागला, नाहीतर पुढचं कोणी वाचलं नसतं.

तिसरा भाग कधी येणार?

कोकणातल्या त्रयीचे दोन भाग आले, तिसरा रखडलाय. ‘दिवाळीपर्यंत देते’ असं मी म्हणाले होते हे खरं. कुठल्या दिवाळीपर्यंत ते बोलले नव्हते, एवढीच काय ती पळवाट.

खरं कारण पुराचं आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं तेव्हा आम्ही सामान वर चढवत होतो. गॅसची शेगडी, धान्य, कागदपत्रं, इन्व्हर्टर. वह्या कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात होत्या आणि त्या कुणाच्या लक्षातच आल्या नाहीत, माझ्याही नाही. तिसऱ्या भागाचा सगळा आराखडा त्या तीन वह्यांत होता. पाणी ओसरल्यावर त्या चिखलातून काढल्या, पानं सुटी केली, घरात दोरी बांधून चिमट्यांना लावली. जुलैत ऊन कुठलं? मग एकेक पान जुन्या वर्तमानपत्रात घालून इस्त्रीने वाळवलं. घरभर ओल्या कागदाचा आणि गाळाचा वास. तेव्हा एक गोष्ट कळली, जी मला कुणी कधी सांगितली नव्हती: माझ्या जेल पेनाची शाई पाण्यात पार निघून जाते, बॉलपेनची टिकते. मी मजकूर जेल पेनाने लिहायचे आणि समासातले शेरे बॉलपेनने. म्हणजे कथा वाहून गेली आणि शेरे उरले. ‘इथे हिने खोटं बोलायला हवं.’ ‘म्हातारी अचानक कुठून आली?’ ‘होडी परत आण, विसरू नको.’ कुठली होडी ते आजही आठवत नाही.

गावातल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातही त्या दिवशी पाणी गेलं, ते १८६४ सालचं ग्रंथालय आहे. त्यांच्या नुकसानीपुढे माझ्या तीन वह्या म्हणजे काहीच नाही. पण तिसरा भाग आता त्या समासातल्या शेऱ्यांवरून उलटा लिहायचा चाललाय. एकतीस प्रकरणं योजली आहेत, एकोणीस कच्ची झाली आहेत. तारीख देणार नाही.

एका वेळी किती कामं चालू असतात?

आत्ता पाच. त्रयीचा तिसरा भाग. हिंगोलीच्या कादंबरीची दुसरी आवृत्ती. एका श्राव्य मालिकेची दहा भागांची संहिता. दिवाळी अंकांच्या दोन कथा. आणि पोटासाठी भाषांतर, ज्यात या महिन्यात पाण्याच्या पंपाची माहितीपुस्तिका आहे. ‘पंप कोरडा चालवू नये’ हे वाक्य मी आतापर्यंत चौदा वेळा लिहिलंय.

मग गोंधळ होत नाही? पात्रं एकमेकांत मिसळत नाहीत?

होतो. एकदा श्राव्य मालिकेतल्या अंतराळयानावर ‘गोविंदआबा’ प्रकट झाले, जे त्रयीतल्या देवळाचे गुरव आहेत. वाचून दाखवणाऱ्या कलाकाराने फोन करून विचारलं, “ताई, हे आबा यानात कुठून चढले?”

नियम एकच पाळते. कच्चा खर्डा एका वेळी एकाच पुस्तकाचा. बाकीची कामं पुढच्या टप्प्यावर हवीत: एक दुरुस्तीला, एक मुद्रितशोधनाला, एक नुसतं टिपणांत. आमच्याकडे भाताची शेतं अशीच असतात. एका तुकड्यात तरवा, एकात लावणी, एक निसवलेलं. सगळी शेतं एकाच दिवशी लावणीला आली तर गडी आणायचे कुठून? कच्चं लिहिणं माणसाला पुरतं खाऊन टाकतं, दुरुस्ती तेवढी खात नाही. मुद्रितशोधन तर मी दुपारच्या जेवणानंतर डोळे जड झालेले असतानाही करू शकते (आणि ते छापील पुस्तकात दिसतं, असं काही वाचकांचं म्हणणं आहे).

प्रत्येक पुस्तकाची एक स्वतंत्र वही असते. तिच्यात नावं, वयं, नाती, कोण कुणाला काय हाक मारतं, कुणाच्या कुठल्या पायात दुखतं. आता बॉलपेनने. आणि रोज रात्री फोनवर तिचे फोटो.

दिवाळी अंकांसाठी कधी लिहिता?

ऐन पावसात. १९०९ साली ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून मराठी लेखकाचं वर्ष दिवाळीभोवतीच फिरतं. संपादकांचे फोन मे-जूनमध्ये येतात, कथा जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये लागते. म्हणजे ‘आकाशकंदील लुकलुकत होते’ हे वाक्य बाहेर छपरावर पाऊस बडवत असताना लिहायचं. मानधन काही अंक वेळेवर आणि सन्मानाने देतात, काही अंकाची प्रत पाठवतात, काही प्रतही पाठवत नाहीत. तरी दरवर्षी दोन कथा देतेच. तीन-साडेतीन हजार शब्दांत एक कल्पना पूर्ण संपवायची सवय तिथेच लागली, आणि नवे वाचक मला अजूनही अंकांतूनच मिळतात. हिंगोलीची कादंबरी मुळात दिवाळी अंकातली कथाच होती. ती संपेना म्हणून वाढली.

ती हिंगोलीची कादंबरी खऱ्या प्रकल्पावर आहे का?

पार्श्वभूमी खरी, माणसं माझ्या डोक्यातली. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी पकडणारी वेधशाळा व्हायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने तिला मंजुरी दिली. एकमेकींना काटकोनात असलेल्या चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, त्यांतून जाणारे लेसर, आणि दूर कुठे दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की उठणाऱ्या लहरीने त्या भुजांच्या लांबीत पडणारा फरक. तो फरक प्रोटॉनच्या रुंदीच्या हजाराव्या भागाहूनही लहान. अमेरिकेतल्या अशाच वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ ला गुरुत्वीय लहर पहिल्यांदा पकडली.

मला भुरळ पडली ती या यंत्राच्या हळवेपणाची. जमिनीचा बारीकसा कंप त्याला नको असतो: रस्त्यावरचा ट्रक, दूरवरचं खोदकाम. मनात आलं, शेजारच्या शेतातला ट्रॅक्टर? कादंबरीत एक शास्त्रज्ञ बाई एका शेतकऱ्याला विनंती करायला जाते की पुढच्या तीन रात्री ट्रॅक्टर चालवू नका. तो विचारतो, “का?” आणि तिला ते मराठीत सांगता येत नाही. पुस्तक तिथून सुरू होतं.

तुम्ही विज्ञान शिकलात का?

नाही. बी.कॉम. आहे. म्हणून तपासून घेते, आणि तरीही चुकते.

सगळ्यात लाजिरवाणी चूक सांगते. एका जुन्या कथेत मुलगी मंगळावर आणि आई चिपळूणला, दोघी फोनवर कडाकडा भांडतात. वाक्याला वाक्य, मध्येच तोडणं, फोन आपटणं. प्रसंग मला फार आवडला होता. अंक आल्यावर एका निवृत्त शिक्षकांचं कार्ड आलं: “ताई, मंगळ पृथ्वीपासून कुठे आहे त्यावर अवलंबून प्रकाशाला तिथून यायला साधारण ३ ते २२ मिनिटं लागतात. तुमच्या मायलेकी प्रकाशाहून वेगवान दिसतात.”

पुस्तकात घेताना तो प्रसंग पुन्हा लिहिला. आता आई “जेवलीस का?” विचारते आणि कुकर लावते. तीन शिट्ट्या होतात, गॅस बंद होतो, वाफ जिरते, झाकण निघतं, ती पान वाढून घेते, आणि तेव्हा मुलीचं “हो” येतं. मधल्या वेळात आईने आणखी चार गोष्टी बोलून टाकलेल्या असतात, त्यांतल्या दोन मागे घ्याव्यात असं तिला वाटतंय, पण त्या निघून गेल्या आहेत आणि परत बोलावता येत नाहीत. पहिल्या भांडणापेक्षा हे शंभरपट बरं झालं. त्या सरांना मी आता प्रत्येक खर्डा पाठवते. ते लाल शाईत गुणही देतात. सहाच्या वर कधी गेले नाहीत.

पाहायला जाण्यासारख्या जागा आपल्याकडे पुष्कळ आहेत. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे प्रदर्शन भरतं. लोणारचं सरोवर उल्का आदळून झालेलं आहे, तेही बेसाल्ट खडकात. काठावर उभं राहून पाहिलंत तर परग्रहाचं वर्णन करायला हॉलिवूडची गरज उरत नाही.

संज्ञा मराठीत लिहायच्या की इंग्रजीत?

यावर माझी सगळ्यात जास्त भांडणं झाली आहेत. ‘कृष्णविवर’ हा शब्द मराठीत इतका मुरलाय की त्याला पर्याय नको. ‘गुरुत्वीय लहरी’ ठीक. पण ‘इंटरफेरन्स’ला ‘व्यतिकरण’ हा पाठ्यपुस्तकातला शब्द आहे, शुद्ध आहे, आणि तो वाक्यात आला की वाचक दारातच चप्पल घालून उभा राहतो.

निवेदनात मी मराठी शब्द शोधते, संवादात माणूस जसा बोलेल तसं लिहिते. पुण्यात शिकलेली शास्त्रज्ञ “सिग्नलमध्ये नॉइज फार आहे” असंच म्हणणार. तिच्या तोंडी ‘कोलाहल’ घातला तर ती नाटकातली वाटेल. पण तीच गोष्ट शेतकऱ्याला सांगताना ती अडखळते आणि म्हणते, “रेडिओत खरखर येते ना, तसं.” पुढे पूर्ण पुस्तकभर नॉइजला ‘खरखर’च आहे. हा शब्द मी बनवला नाही, त्या प्रसंगाने दिला. कोश उघडून बसले असते तर मिळाला नसता.

एकीकडे विज्ञानकथा, दुसरीकडे भुतंखेतं. हे जमतं कसं? अंधश्रद्धा पसरत नाही का?

माझ्या त्रयीत राखणदार आहे, साती आसरा आहेत, चकवा आहे, एक गिऱ्हा आहे. मी यांतल्या कुणालाही नारळ देत नाही आणि कुणाला द्यायला सांगतही नाही. गोष्टीतला राखणदार हा गोष्टीतला आहे. विज्ञानकथेत मी एक नियम बदलते आणि बाकीचं जग तसंच ठेवते. अद्भुतकथेतही तेच. चकवा लागलेला माणूस रात्रभर त्याच शेताभोवती फिरतो, हा नियम मान्य केला की पुढे सगळं तर्कानेच चालावं लागतं. मग गूगल मॅप त्याला काय दाखवेल? दुसऱ्या भागाचं सातवं प्रकरण या एका प्रश्नावर उभं आहे.

परकी ड्रॅगनं आणि एल्फ का नाहीत, असंही मुलं विचारतात. कारण विहिरीत वाकून पाहू नकोस, आसरा ओढतील, हे मला आजीने सांगितलंय. ड्रॅगनबद्दल तिने काही सांगितलं नव्हतं.

कशावर लिहिता? कुठला फॉन्ट?

पहिला खर्डा हाताने, नंतर युनिकोडमध्ये (कुठल्याही संगणकाला, फोनला कळणारी अक्षरांची प्रमाण पद्धत). नव्या लेखकांना एकच कळकळीची विनंती: पहिल्या दिवसापासून युनिकोड. माझं पहिलं पुस्तक जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये जुळवलं होतं. ई-पुस्तकासाठी ते युनिकोडात आणलं तेव्हा रूपांतरात नेमका अर्धा र मोडला, तोही आपला खास मराठी, ‘ताऱ्या’मधला. अंतराळावरच्या पुस्तकात ‘ताऱ्यांकडे’ हा शब्द किती वेळा येतो याचा अंदाज करा. शिवाय दुसऱ्या, वाऱ्यावर, सगळ्या.

हे निस्तरल्यावर वाटलं सुटले. मग त्रयीत गिऱ्ह्याचं नाव बदलायचं ठरवलं. शोधा-बदला दिलं, झालं. पुस्तक छापून आलं तर अकरा ठिकाणी जुनंच नाव. कारण त्या नावातला हा अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. काही कळफलक त्यासाठी वेगळा ‘ऱ’ वापरतात, काही साधा र घेऊन पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह घालतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला दोन वेगळे शब्द. अर्धा मजकूर मी लॅपटॉपवर टाइप केला होता, अर्धा फोनवर. (‘दोन तऱ्हांनी’ हा शब्दही त्याच आजाराचा, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.)

प्रकाशक का नाही?

पहिल्या पुस्तकाला होता. करार नीट न वाचता सही केली, चूक माझीच. म्हणून हे वाचा: कॉपीराइट कायदा १९५७ चा. हक्क देणं लेखी असावं लागतं. किती काळासाठी ते करारात लिहिलेलं नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. ई-पुस्तक, श्राव्य, भाषांतर, चित्रपट हे सगळे वेगवेगळे हक्क आहेत. ‘सर्व हक्क’ या दोन शब्दांवर पेन टेकवण्याआधी चहा प्या.

चांगला प्रकाशक मिळाला तर जरूर जा. संपादन, वितरण, ग्रंथालयांपर्यंत पोच, हे एकट्याने करताना कंबर मोडते. मी एकटी करते कारण मला मुखपृष्ठ, किंमत आणि पुनर्मुद्रण यांवर कुणाची वाट पाहायची नाही.

आयएसबीएन, छपाई, कागदपत्रं?

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, भारतात फुकट मिळतो, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून. कुणी त्याचे पैसे मागत असेल तर ते त्याच्या श्रमाचे आहेत. छापील आणि ई-पुस्तकाला वेगवेगळे क्रमांक. स्वतः छापलंत तर कायद्याने प्रकाशक तुम्हीच, म्हणून १९५४ च्या कायद्यानुसार प्रसिद्धीनंतर तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चाने प्रती पाठवायच्या.

मी तीनशे प्रतींपेक्षा जास्त छापत नाही. हजार छापल्या तर प्रत स्वस्त पडते खरी, पण उरलेल्या सातशे प्रती कॉटखाली ठेवाव्या लागतात, आणि आमच्याकडे कॉटखाली पाणी येतं.

यावर पोट भरतं का?

नुसत्या पुस्तकांवर नाही. हिशेब साधा आहे. माझ्या २४० पानी पुस्तकाची किंमत ३०० रुपये. दुकानातून विकलं तर ४० ते ५० टक्के वितरक आणि विक्रेत्याकडे जातात. छपाईला प्रतीमागे शंभरच्या आसपास. उरतात पन्नास ते ऐंशी, त्यातून मुखपृष्ठकाराचे आणि मुद्रितशोधकाचे द्यायचे. थेट वाचकाला पाठवलं तर बरे सुटतात, पण मग पोस्टाच्या रांगेत सकाळ जाते. ॲमेझॉनच्या किंडलवर भारतातल्या विक्रीतला सत्तर टक्के वाटा हवा असेल तर ई-पुस्तक नव्वद-नव्वद दिवसांसाठी फक्त त्यांच्याकडेच ठेवावं लागतं, नाहीतर पस्तीस. श्राव्य मालिकेचे पैसे ठरलेले आणि हप्त्याने येतात, म्हणून ते काम मी कधी नाकारत नाही. तरी वर्षाच्या कमाईत निम्म्याहून जास्त वाटा भाषांतराचा. पंप कोरडा चालवू नये.

नोकरी सोडू का?

नका. निदान माझ्या सांगण्यावरून तरी नका.

माझी कल्पना कुणी चोरली तर?

कल्पनेवर कॉपीराइट नसतो, तुम्ही ती ज्या शब्दांत मांडलीत त्यांवर असतो, आणि तो लिहिल्या क्षणापासून आपोआप असतो. नोंदणी सक्तीची नाही. लेखकाच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं टिकतो. मंगळावरच्या मराठी वसाहतीची कल्पना मला आजवर निदान वीस जणांनी गुप्ततेच्या अटीवर सांगितली आहे.

स्पर्धांना पाठवावं का? टोपणनाव घ्यावं का?

दोन्हीचं उत्तर एकाच गोष्टीत आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत नारायण विनायक जगताप नावाच्या कुणा नवख्याची कथा पहिली आली. आद्याक्षरं उलटी वाचा: ज. वि. ना. ते जयंत विष्णु नारळीकर होते. नावामुळे पारडं झुकू नये म्हणून टोपणनाव, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीच्या हस्ताक्षरात. एवढा मोठा माणूस स्पर्धेला कथा पाठवतो, तर तुम्हाआम्हाला लाज कसली?

माझी कथा वाचून अभिप्राय द्याल का?

नाही. वाईट वाटतं, पण नाही. आधीच्या उत्तरांतली कामांची यादी पुन्हा बघा.

घरच्यांना तुमची पुस्तकं आवडतात का?

नवरा मुखपृष्ठ बघतो आणि वजन करून बघतो, पोस्टाच्या हिशेबाने. मुलगी म्हणते, फार पाऊस असतो तुझ्या पुस्तकांत.

आईने हिंगोलीची कादंबरी चार दिवसांत वाचली. मी वाट बघत होते. दोन कृष्णविवरांची टक्कर, शेवटची ती लहर, शास्त्रज्ञ बाईचं रडणं, यावर काहीतरी बोलेल. तिने चष्मा काढून विचारलं, “आणि त्या ट्रॅक्टरवाल्याची हळद? तीन रात्री थांबला बिचारा. निघाली का वेळेवर?”

मी विसरले होते. साफ विसरले होते. दुसऱ्या आवृत्तीत सव्वा पान वाढलंय. हळद निघाली, शिजली, खळ्यावर वाळत घातली आहे.